शेवटच्या पानावरचं पुढचं नाव

आप्पा,

तुम्ही माझा अर्ज पुन्हा बुडवलात. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी माझ्या कागदांत हात घालायची तुमची खोड गेलेली नाही. शनिवारची दुपार आहे. दौंडातल्या माझ्या स्वयंपाकघरात पोळपाट बाजूला सारून मी कागद पसरून बसले आहे. सोमवारी सकाळी अकराच्या आत हा अर्ज शिरूरच्या अभ्यासकेंद्रावर पोचायला हवा, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता, जो पंधरा दिवसांपूर्वी झकास भरलेला होता, तो मी माझ्या हाताने खोडून टाकला आहे. नुसती चिडचिड होते आहे. चिडायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तुमच्यावर.

पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटलेसुद्धा नव्हते. आता तिथे एकोणीस वर्षं झाली. ग्रंथालय परिचर म्हणजे पुस्तकं मांडायची, धूळ झटकायची, शिक्के मारायचे, आणि "मावशी, पंखा लावा" असं कुणी म्हटलं की पंखा लावायचा. आमचे ग्रंथपाल येत्या जूनमध्ये निवृत्त होत आहेत. ती जागा मला मिळू शकते, पण त्यासाठी ग्रंथालयशास्त्राची पदवी हवी. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मी नाव घातलं. दर रविवारी दौंडहून शिरूर, एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप. बाकीचे सगळे पेपर सुटले, राहिलं ते एक प्रकल्पाचं काम. ग्रंथालयाच्या एखाद्या प्रकल्पासाठी अनुदान मागणारा अर्ज तयार करायचा. खराखुरा नाही, अभ्यासापुरता. देणारी संस्था काल्पनिक, मिळणारे पैसे काल्पनिक, फक्त गुण तेवढे खरे. यात अडकले तर आणखी एक वर्ष जाणार, आणि जूनमध्ये ती खुर्ची बाहेरचं कुणीतरी येऊन अडवणार. मग मी साठीपर्यंत पंखे लावत बसेन.

विषय मात्र मी चटकन ठरवला. वडगाव रासाईचं आपलं ग्रंथालय पुन्हा सुरू करायचं. कागदावर का होईना. आमच्या मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत, स्वभावाने चांगल्या, पण कागदाच्या बाबतीत तुमच्या स्टेशनमास्तरांइतक्या कडक. पहिला अर्ज परत आला तेव्हा समासात लिहिलं होतं, "भावना पोचल्या, माहिती नाही." दुसऱ्यांदा त्यांनी मला समोर बसवलं.

"ताई, गावाला ग्रंथालय हवंय असं तुम्ही म्हणताय. पण गरज सिद्ध करा ना. पूर्वी वाचक किती होते? महिन्याला पुस्तकांची देवघेव किती व्हायची? बायका किती, पुरुष किती? त्यावरून पुढचे लाभार्थी काढता येतील."

"मॅडम, त्या ग्रंथालयाचं रजिस्टरच नव्हतं."

त्या हसल्या. "रजिस्टर नसलेलं ग्रंथालय कसं असेल, ताई?"

हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होते, आप्पा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात.

वर्गात माझ्याजवळ बसणारी एक जण शिरूरकडच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. ती म्हणाली, "ताई, टाका ना आकडे. कोण जाणार हाय वडगावला बघायला? माझं तर मोबाईलनंच लिहून दिलं सगळं, तक्त्यासकट." मी पंधरा दिवस नाही-नाही म्हणत राहिले, आणि मग एका संध्याकाळी भाजी फोडणीला टाकून आकडेही टाकले. इतके नियमित वाचक, त्यात इतक्या महिला, महिन्याला इतकी देवघेव. गोल आकडे टाकले नाहीत हं. कुठे सदतीस, कुठे त्रेचाळीस, म्हणजे मोजल्यासारखे दिसावेत. मॅडमनी बघून लगेच लिहिलं, "आता कसं! हाच पक्का करा." मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. दौंडला उतरेपर्यंत टिकला.

या कामात माझा हात किती चांगला आहे हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तुम्ही रेल्वेत पॉइंट्समन. दौंडच्या पुढे एकेरी लाईनवरचं ते छोटं स्टेशन, तुमच्या हातात ती मोठी वेताची कडी, आणि तिला बांधलेल्या चामडी पिशवीत लोखंडी गोळा. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही, आणि आधीच्याने दिल्याशिवाय तो पुढच्याला मिळायचा नाही. मी लहान असताना एकदा तुम्ही ती कडी माझ्या गळ्यात घातली होती, तर ती थेट पायापर्यंत घसरली आणि तुम्ही प्लॅटफॉर्मवर बसून हसलात. सुट्टीच्या दिवशी सायकलला पुस्तकं बांधून तुम्ही वडगावला जायचात. ग्रामपंचायतीने चावडीशेजारची खोली दिली होती, कपाट तुम्हीच कुठून तरी मिळवलेलं. पण त्या खोलीत येणार कोण? शेतकऱ्यांच्या घरच्या बाया चावडीकडे फिरकायच्या नाहीत, आणि आपल्या वस्तीतली माणसं पायरीपाशी येऊन थांबायची. आत या म्हटलं तरी "हितंच बरं हाय" म्हणायची. सहा महिने तुम्ही एकटेच खोलीत बसलात. मग एके दिवशी जेवताना आईला म्हणालात, "माणसं येत न्हाईत नव्हं? मंग पुस्तकच जाऊ दे त्यांच्याकडं. गोळ्यावानी."

आणि तुम्ही तो नियम काढलात. पुस्तक न्यायचं तर पुढचं नाव सांगायचं. आपलं वाचून झाल्यावर ते कुणाला देणार, ते नाव शेवटच्या कोऱ्या पानावर आधी लिहायचं, आणि वाचून झालं की त्या माणसाच्या दारात स्वतः जाऊन पुस्तक त्याच्या हातात द्यायचं. पुढचं नाव नाही, तर पुस्तक नाही. बाया आपल्या मैत्रिणींची नावं सांगायच्या, म्हातारे जावयांची. हळूहळू सगळी पुस्तकं गावात गेली ती गेलीच. कपाट रिकामं, आणि त्या रिकाम्या कपाटाकडे बघून तुम्ही खूश. मला हे तेव्हाही वेड वाटायचं. निदान रजिस्टर तरी ठेवा म्हणून आईसुद्धा मागे लागली होती. तुम्ही म्हणायचात, "पुस्तकात लिवलंय की सगळं. दोनदा कशाला लिवायचं?" बरं, पुस्तकं कुठायत म्हणून विचारावं, तर "गावात हायेत" एवढंच उत्तर. तुमच्यापुढे हात टेकले होते आम्ही.

मग सरकारच्या ग्रंथालय खात्याकडून तपासणीचं पत्र आलं. नीट झाली तर ग्रंथालयाला वरचा वर्ग आणि दरवर्षी नवी पुस्तकं, नाहीतर आहे ती मान्यताही जाणार. माझी झोप उडाली आणि तुम्ही निवांत. तुम्ही ड्यूटीवर असताना मी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात कोरं रजिस्टर घेऊन बसले. तीन वेगवेगळी पेनं, अधूनमधून डाव्या हाताने सह्या, एका पानावर मुद्दाम चहाचा डाग. आई भाकऱ्या थापता थापता गावातली नावं सांगत होती. तिलाही पटलेलंच होतं. दुपारी चारच्या आत दोन वर्षांची देवघेव तयार झाली. तपासणीच्या दिवशी मीच ते रजिस्टर टेबलावर नेऊन ठेवलं. साहेबांनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा, रोज इतके वाचक येतात?" मी दारात उभी, मनातल्या मनात उड्या मारत होते. तुम्ही पुढे झालात, रजिस्टर वाचलंत, चहाच्या डागापाशी थांबलात आणि म्हणालात, "सायेब, हे खोटं हाय. माझ्या पोरीनं लिवलंय." गाडी दहा मिनिटं लेट आहे हे सांगताना तुमचा जसा आवाज असायचा, तसाच.

पुढे तुम्ही साहेबांना शेवटचं पान, पुढचं नाव, गोळा, सगळं समजावत बसलात. तो माणूस वाईट नव्हता. त्याने चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आप्पा, तुमचं खरं असेल. पण रजिस्टर नसलेलं ग्रंथालय मी कागदावर दाखवू कसं?" मला वाटत होतं जमिनीने पोटात घ्यावं. परत येताना मी सायकलच्या कॅरियरवर आणि पुढे तुमची पाठ. नदी आली. मग मागे न बघता म्हणालात, "खोटी माणसं लिवलीस. मंग खरी कुठं लिवायची?"

बस, एवढंच. वर्षभरात मान्यता गेली, पुस्तकं यायची थांबली, खोलीत रेशनची पोती आली. आणि मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की ग्रंथालय माझ्या खोटेपणाने नाही, तुमच्या खरेपणाने गेलं. एक वाक्य गिळलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी पुन्हा तुमच्यासोबत वडगावला आले नाही. तुम्ही जाईपर्यंतच्या सात वर्षांत आपण सगळं बोललो, माझं लग्न, आईचं ऑपरेशन, क्वार्टर सोडल्यावर राहायचं कुठे. याबद्दल मात्र नाही. मला वाटायचं, तुम्ही अजून माझ्यावर रुसलेले आहात.

गेल्या रविवारी शिरूरहून परतताना मी वडगावला उतरले ती फक्त फोटोसाठी. अर्जाच्या शेवटी जुन्या खोलीचा एक फोटो लावला की काम झालं, असा माझा हिशेब. खोली कुठली! तिथे आता शुद्ध पाण्याचं मशीन बसलं आहे. मी मोबाईल हातात धरून कपाळाला हात लावून उभी होते, तर समोरच्या मोठ्या घराच्या ओट्यावरून एका म्हाताऱ्या बाईंनी हटकलं.

"कुणाची गं तू?"

मी तुमचं नाव सांगितलं.

"म्हंजी रेल्वेतल्या आप्पाची? अगं बया! ये, वर ये. तुझं बुक हाय माझ्याकडं."

चावडीच्या समोर घर, आणि त्या खोलीत बाईंनी उभ्या जन्मात पाऊल टाकलेलं नव्हतं. आत जाऊन त्यांनी धान्याच्या कोठीमागून फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक आणलं. शेळीपालनाचं. त्या म्हणाल्या, "आमच्यात शेळ्या कवाच न्हवत्या, पर म्या दोनदा वाचलं. चुलीपुढं बसून. सासू म्हणायची, काय बघतीस एवढं जाळात." मी शेवटचं पान उघडलं. एकाखाली एक चौदा नावं. कुठे शाई, कुठे पेन्सिल, दोन ठिकाणी अंगठा आणि शेजारी तुमच्या अक्षरात नाव. एक नाव वाड्याकडच्या आळीतलं, पुढचं आपल्या वस्तीतलं, मग पुन्हा तिकडचं. तेरावं नाव माझ्या चुलतीचं, चौदावं या बाईंचं. "तुझ्या चुलतीनंच आणून दिलं," त्या म्हणाल्या. "हितं वट्यावर बसून च्या प्याली माझ्यासंगं. सासूनं तिचा कप येगळा भायेर ठिवला हुता. ती गेल्यावर म्या धुतला आन् आमच्या कपात नेऊन मांडला. लई बोलणी खाल्ली त्या दिशी."

आणि चौदाच्या खाली, पेन्सिलने, तुमच्या अक्षरात, माझं नाव.

"मला काय पुढचं नाव सुचंना," बाई सांगत होत्या. "तर आप्पाच म्हणलं, माझ्या पोरीचं लिवतो. म्या म्हणलं, ती तर येत न्हाई आता तुमच्यासंगं. तर म्हणलं, रुसलीया, पर येईल. मंग ठिवलं. दौंडाला कोण नेऊन देणार? आन् दुसऱ्या कुणाला द्यावं, तर पुढं नाव तुझं."

एकोणतीस वर्षं, आप्पा. त्या बाईंनी शेळ्यांचं पुस्तक एकोणतीस वर्षं कोठीमागे सांभाळलं, कारण नियम म्हणजे नियम. आणि रुसलीया म्हणे. तुम्ही रुसला आहात असं मी धरून चालले होते, आणि तुम्ही गावभर सांगत होतात की पोरगी रुसली आहे. मला तुमचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हे मला घरी सांगता आलं नसतं? जेवताना, आईच्या देखत, एकदा तरी? आणि माझ्यासाठी ठेवलंत ते काय, तर शेळीपालन. रेल्वे क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर मी शेळ्या बांधणार होते! मी पुस्तक पिशवीत घालायला लागले तर बाईंनी माझा हात धरला. "असं कसं? आधी पुढचं नाव सांग, मंग ने." मी गोंधळून गेले. जे पहिलं तोंडात आलं ते नाव सांगितलं, आमच्या मॅडमचं. त्यांनी मला पेन आणून दिलं आणि लिहून होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

बुधवारी रजा टाकून मी केंद्रावर गेले. तक्ता बदलायचा आहे म्हटल्यावर मॅडमनी चष्मा काढला. "अहो ताई, मी पक्का करा म्हटलंय ना? आता कशाला हात लावताय?" मी पुस्तक पुढे ठेवलं. त्यांनी ते शेवटचं पान बराच वेळ बघितलं, अंगठ्यांवरून बोट फिरवलं. "छान आहे हो हे," म्हणाल्या, आणि मला वाटलं जिंकले. "पण ताई, हे एकच पुस्तक. चौदा माणसं. चौदा माणसांवर अनुदान कोण देईल? गुण बाहेरचे परीक्षक देणार आहेत, मी नाही. थोडंफार इकडचं तिकडे असेल तर चालतं. तुमच्या जूनचा विचार करून सांगते, जुना तक्ता राहू द्या." त्यांचं काय चुकलं? त्या माझ्या भल्याचंच बोलत होत्या. त्या साहेबांसारख्याच. यांच्यातलं कुणी वाईट निघालं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

तर आता बघा माझी दशा. सदतीस आणि त्रेचाळीस मी खोडले. वाचकांच्या चौकटीत लिहिलं, "चौदा. एका पुस्तकाचे. बाकीची पुस्तके गावात आहेत." लिहून झाल्यावर कळलं की हे तुमचंच उत्तर आहे, आणि पेन आपटलं. मागणीच्या तक्त्यातून खोली काढली, टेबल-खुर्च्या काढल्या, कपाट काढलं. आता मागणीत फक्त पुस्तकं आहेत, आणि प्रत्येकात शेवटी दोन कोरी पानं. "प्रकल्प किती काळ टिकेल?" या प्रश्नावर बाकीच्यांनी पान-पान भरलंय, मी त्या बाईंची कोठी लिहिली आहे. असा अर्ज मी परीक्षक असते तर मीही नापास केला असता. जून हातचा गेला तर तो तुमच्या नावावर, आधीच सांगून ठेवते. आणि गेला तरी मी हे आता बदलणार नाही, याचाच जास्त संताप येतो आहे. हा हट्ट माझा नाही, तो तुमच्याकडून आला आहे.

पुस्तक काल वाचून संपवलं. गाभण शेळीला काय खायला घालायचं ते आता मला पाठ आहे. सोमवारी अर्ज आणि पुस्तक दोन्ही मॅडमच्या हातात द्यायचं आहे, आणि घेण्याआधी त्यांनी पुढचं नाव सांगितलं पाहिजे.

एक गोष्ट राहिली. मॅडमना मी त्या तक्त्याबद्दल सांगितलं खरं, पण कसं, तर "मॅडम, आकड्यांत चूक झालीय." चूक! म्हणून तर त्या म्हणाल्या, थोडंफार चालतं. तुम्ही भर खोलीत, साहेबांसमोर, स्वतःच्या पोरीसमोर सरळ म्हणालात की हे खोटं हाय. बुधवारी तो शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता आणि मी तो गिळला, तुम्ही गिळायला हवा होता असं मी इतकी वर्षं म्हणत आले तसा. सोमवारी सांगेन असं सकाळपासून ठरवते आहे. पण आत्तापर्यंत तरी माझं खोटं मी फक्त या कागदावर कबूल केलं आहे, आणि हा कागद पोळपाटाखाली सरकवून मी आता कणीक मळायला घेणार आहे.